खंडेनवमीच्या दोन फ्लॉप्या

आमच्या टायपिंगच्या दुकानात एक रीत होती. गिऱ्हाइकाला तीन प्रती हव्या असल्या की आम्ही कागदांमध्ये एक कार्बन जादा घालायचो. चौथी प्रत दुकानाची. ती इतकी पुसट यायची की वाचायला खिडकीशी जावं लागे, पण ती कपाटात जायची आणि वर्षानुवर्षं तिथंच राहायची. कुणाचे कागद उंदरांनी खाल्ले, कुणाचे पंचगंगेच्या पुरात भिजले, की तो माणूस तोंड पाडून आमचा जिना चढून यायचा. मालक कपाट उघडून त्याची प्रत काढून द्यायचे आणि मग दिवसभर खुशीत असायचे. मालकांना सगळे सर म्हणत, कारण टायपिंगचा क्लासही त्यांचाच होता. साठच्या दशकात मी त्या क्लासात शिकले आणि तिथंच नोकरीला लागले. पुढं क्लास बंद पडला, दुकान राहिलं, मीही राहिले.

ऐंशीचं दशक निम्म्याच्या पुढं गेल्यावर सरांनी पुण्याहून कॉम्प्युटर आणला. लक्ष्मीपुरीत तेव्हा त्याचं अप्रूप होतं. लोक खालून वर यायचे, बघायचे आणि ‘टीव्हीच हाय की’ म्हणून परत जायचे. त्या मशिनच्या पोटात काही राहायचं नाही. पुढच्या बाजूला दोन फटी होत्या. एकीत लिहिण्याच्या प्रोग्रामची फ्लॉपी घालायची, दुसरीत कामाची. फ्लॉपी म्हणजे काळ्या पुठ्ठ्यासारखी लवलवीत चौकोनी चकती, मध्ये भोक, आणि त्याच्या खाली एक लांबट खिडकी. त्या खिडकीतून मशिन वाचायचं.

आपोआप काही जपलं जाणं हा प्रकार आमच्याकडे नव्हता. लिहिलेलं पडद्यावर दिसतंय म्हणून खूश व्हावं आणि तेवढ्यात लाईट जावी. कोल्हापुरात लाईट कुणाला विचारून जायची नाही. मग पडदा काळा आणि दुपारभराचं काम गेलं म्हणजे गेलंच. एकदा असं झाल्यावर मी असा काही धसका घेतला की प्रत्येक पूर्णविरामाला कंट्रोलचं बटण दाबून पुढची दोन बटणं दाबायची सवयच लागली. म्हणजे ते फ्लॉपीवर उतरायचं. बहीण म्हणायची, भाकरी थापतानासुद्धा तुझी करंगळी मध्येच खाली जाते. जात असेल, मला काय माहीत.

मशिन स्वतःहून एकच करायचं. नवं लिखाण जपलं की आधीचं जुनं वेगळ्या नावानं बाजूला ठेवायचं. सरांना ते आवडायचं नाही. ‘उष्टं-खरकटं कशाला साठवायचं?’ म्हणत ते रोज संध्याकाळी ते पुसून टाकायचे, कारण फ्लॉपीत जागाही थोडी. त्याऐवजी त्यांनी स्वतःची रीत काढली. मोठ्या कामाची अख्खी फ्लॉपी दुसऱ्या फ्लॉपीवर उतरवून घ्यायची. तिला ते जुळी म्हणायचे. मूळ आणि जुळी दोन्ही बिस्किटाच्या एका पत्र्याच्या डब्यात शेजारी शेजारी. जुळी आहे म्हटल्यावर चौथ्या प्रतींचं कपाट त्यांनी रिकामं केलं आणि त्यात प्रिंटरचा कागद ठेवला. मला ते कपाट रिकामं बघवलं नाही, पण मालक ते.

रफ कागद मात्र दर शनिवारी जायचे. तपासून झालेली कच्ची पानं, बिघडलेली पानं, सगळ्यांचा गठ्ठा कोपऱ्यावरचा भडंगवाला मामा वर येऊन न्यायचा आणि बदल्यात भडंगाचा, म्हणजे लसूण-तिखट लावलेल्या चुरमुऱ्यांचा, मोठा पुडा ठेवायचा. कुणाकुणाची टेंडरं, कुणाकुणाचे अर्ज गावभर भडंग होऊन हिंडायचे.

पेठ वडगावच्या एक मॅडम आमच्याकडे यायच्या. कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवायच्या. वडिलांचं वडगावात शिलाईचं दुकान, घरात एवढं शिकलेल्या त्या पहिल्याच. गगनबावड्याच्या पावसात, दगडांच्या कपारीत जे नेचे उगवतात त्यांच्यावर त्या पीएचडी करत होत्या. पावसाळ्यात त्या घाटात जायच्या आणि पायाला जळवा लावून परत यायच्या. सांगताना अशा सांगायच्या की जळवा म्हणजे कुणी पाहुणेच.

त्यांची घाई वेगळीच होती. त्यांचे गाईड त्या महिनाअखेरीला निवृत्त होणार होते. त्यांच्या सहीनं प्रबंध गेला तर गेला, नाहीतर दुसऱ्या गाईडकडे नाव घालून सगळं पहिल्यापासून. आणि दुसरे जे होते ते म्हणाले होते, नेचे राहू देत, उसावर काहीतरी करा. मॅडम हे सांगून हसायच्या, पण त्या हसण्यात काही दम नसायचा.

आधीची प्रकरणं छापून तयार होती. शेवटचं प्रकरण त्यांनी कागदावर लिहिलंच नाही. माझ्या शेजारी स्टूल घेऊन बसायच्या आणि सांगायच्या, मी टाईप करायचे. मध्येच म्हणायच्या, ‘ताई, ते वरचं वाक्य खाली घ्या,’ आणि ते खाली यायचं. त्यांना याची चटकच लागली. टाईपरायटरवर असं वाक्य हलवायचं म्हणजे पान फाडावं लागायचं. शेवटचं पान त्यांनी एका दुपारी एका दमात सांगितलं. मला त्यातलं शास्त्र कळलं नाही, पण त्यांचा आवाज बदलला होता एवढं कळलं. कच्ची प्रत गाईडना दाखवून आणली. गाईड माणूस कडक, बाकी पानांवर लाल शाईच लाल शाई. शेवटच्या पानाखाली मात्र लिहिलं होतं, हे असंच राहू दे. आम्ही दुरुस्त्या करून घेतल्या, सरांनी जुळी काढली, आणि कच्ची पानं शनिवारी गठ्ठ्यात गेली.

आता पक्की प्रत छापायची तेवढी राहिली होती. ती त्याच दिवशी छापली असती तर मला हे सांगायचं कारण नव्हतं. पण दसरा तोंडावर आला होता आणि सर म्हणाले, ‘एवढं मोठं काम, दसऱ्याच्या मुहूर्तावर काढू या.’ मॅडमही व्हय म्हणाल्या.

खंडेनवमीला दुकानात हत्यारांची पूजा असायची. टाईपरायटर, स्टेपलर, कात्री, पंचिंग मशिन, सगळं पाटावर. त्या वर्षी कॉम्प्युटरही झेंडूचा हार घालून बसला होता. सरांनी बिस्किटाचा डबा उघडला आणि आमच्या कामाच्या फ्लॉप्या पाकिटांतून बाहेर काढून ताटात मांडल्या. पाकिटावर कुंकू लावून काय उपयोग, देवीला हत्यार दिसलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. मॅडम पेढे घेऊन आल्या होत्या. सर म्हणाले, ‘मॅडम, तुमचं काम, तुम्हीच लावा.’

‘लावते की,’ त्या म्हणाल्या. ‘आमच्या दुकानात अब्बा दर दसऱ्याला शिलाई मशिनीला हार घालतात.’

त्यांनी मूळ फ्लॉपीला हळद-कुंकू लावलं, सरांनी जुळीला. दोघांनीही ते बरोब्बर त्या लांबट खिडकीवर लावलं. चौकोनात तेवढीच जागा उघडी दिसते, कपाळासारखी. मी उदबत्ती लावत होते. मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही. टाईपरायटरला आम्ही वीस-पंचवीस वर्षं कुंकू लावत होतो आणि त्याला कधी शिंकसुद्धा आली नव्हती.

दसऱ्याला सकाळी मुहूर्तावर सरांनी हात जोडून फ्लॉपी आत सारली. मशिन कर्र कर्र असं वाजलं. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली की हे मला वाचता येत नाही. सरांनी फ्लॉपी काढली, फुंकर मारली आणि पुन्हा घातली. पुन्हा तेच. मग त्यांनी खिशातला रुमाल ओला करून ती खिडकी पुसली. त्यानं कुंकवाचा चिखल झाला. ‘असू दे, जुळी आहे की,’ ते म्हणाले आणि जुळी घातली. जुळीही तशीच करकरली. ते जुनं उष्टं-खरकटं पुसलं नसतं तरी काही फरक पडला नसता. तेही त्याच फ्लॉपीवर राहिलं असतं आणि त्यालाही कुंकू मिळालं असतं.

सर खुर्चीत बसले. ‘देवीला मी काय कमी केलं होतं?’ म्हणाले.

‘सर, देवीनं काय केलं न्हाय,’ मॅडम म्हणाल्या. ‘एक मी लावलं, एक तुम्ही लावलं.’ त्यांच्या हातात आम्हाला द्यायला आणलेली आपट्याची पानं होती. ती त्यांनी टेबलावर ठेवली आणि भिंतीकडं तोंड करून उभ्या राहिल्या. मी आयुष्यात पुष्कळ रडणारी माणसं बघितली आहेत. न रडता असं उभं राहिलेलं माणूस बघणं जास्त वाईट.

कच्ची पानं मला आठवली, सरांना आठवली, आणि शनिवार होऊन गेलाय हेही दोघांना एकदमच आठवलं. आम्ही खाली धावलो. कोपऱ्यावर मामाचा गाडा नव्हता. दसऱ्याच्या दिवशी तो कशाला कोपऱ्यावर थांबेल? सारं कोल्हापूर आणि आसपासची खेडी संध्याकाळी सोनं लुटायला दसरा चौकात जमतात. मामा सकाळीच गाडा घेऊन तिकडं गेला होता.

चौकात तेव्हाच माणसांचा पूर होता. मामा गाड्यामागं घामाघूम उभा, आणि हातात आमचाच कागद. ‘बाई, आज लई खप हाय,’ मला बघून तो म्हणाला. ‘कागुद पुरंना, म्हणून अर्धा-अर्धा फाडून पुडी बांधाय लागलोय.’

‘फाडू नका, मामा,’ मॅडम म्हणाल्या आणि गाड्यावरचा गठ्ठा त्यांनी उचललाच. त्यात वरची पानं कुणाच्या तरी अर्जाची. खाली त्यांच्या प्रकरणाची थोडी निघाली. बाकीची लोकांच्या हातात होती. आमच्या डोळ्यांसमोर लोक त्यांतून भडंग खात होते.

यानंतर मॅडमनी जे केलं ते मला मरेस्तोवर जमलं नसतं. त्या गाड्याशेजारच्या दगडावर चढल्या आणि वडगावच्या बाजारात बोलतात तशा खणखणीत आवाजात म्हणाल्या, ‘पावणं, खाऊन झालं की कागद टाकू नका. हिकडं द्या. माझं पुस्तक हाय त्यात.’

लोक बघायला लागले. ‘भडंगात पुस्तक?’ कुणीतरी विचारलं. पण कोल्हापूरचं माणूस कारण विचारत बसलं तरी हात थांबवत नाही. एकानं भडंग टोपीत ओतून घेतलं आणि कागद दिला. एका बाईनं पदरात ओतून घेतलं. एक फेटेवाले आजोबा कागद लांब धरून म्हणाले, ‘इंग्रजी हाय की,’ आणि नीट घडी घालून दोन्ही हातांनी देऊन गेले. सर दसऱ्याचा नवा कोट घालून माणसांच्या पायांतून कागद वेचत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, तरी मीही वेचत होते. संध्याकाळी सोनं लुटून झाल्यावर गर्दी पांगायला लागली तेव्हा मॅडम पुन्हा ओरडल्या, ‘घरी गेल्यावर कुणाला सापडलं तर लक्ष्मीपुरीत टायपिंगच्या दुकानात आणून द्या.’

दुकानात येऊन आम्ही टेबलावर पानं लावली. लसणाचा आणि तेलाचा वास सुटला होता. फाटलेली अर्धी अर्धी पानं जोडली. सगळं प्रकरण मिळालं, शेवटचं पान सोडून.

शाहूपुरीतल्या एका मेकॅनिकनं स्पिरिट आणि कापसानं मशिनच्या फटी साफ करून दिल्या. मी ते तेलकट प्रकरण नव्या फ्लॉपीवर टाईप केलं. शेवटचं पान मॅडमनी आठवून लिहिलं आणि गाईडकडे नेलं. ते म्हणाले, ‘मागचं चांगलं होतं, ते आणा.’ भडंगाची हकिकत सांगायची मॅडमना लाज वाटली. पुन्हा लिहून नेलं. पुन्हा तेच, मागचं आणा. मला त्या माणसाचा असा राग आला होता म्हणून सांगू. मॅडमचंही बिनसलं. शब्द आठवायला जायच्या आणि जे आठवायचं तेही हातचं जायचं. सर रोज सकाळी चौकात आणि मामाकडं जाऊन यायचे आणि रिकाम्या हातानं जिना चढायचे.

महिनाअखेर आली. गाईड संध्याकाळपर्यंत त्यांच्या खोलीत बसणार होते, त्यानंतर त्यांच्या सहीला काही किंमत नव्हती. सगळा प्रबंध छापून तयार, एक पान सोडून. सर नेहमीप्रमाणे बाहेर गेले होते. मॅडम स्टुलावर बसल्या होत्या. मी म्हटलं, सांगा काहीतरी, टाईप करते. त्या म्हणाल्या, ‘काय सांगू, ताई? डोकं रिकामं झालंय.’

तेवढ्यात जिन्यावर दुधाच्या बरण्यांचा आवाज झाला. एक गडी वर आला. गडमुडशिंगीहून शहरात दूध घालायला येणारा. रतीब आटोपून आला होता. ‘भडंगाच्या कागदाच्या बाई त्या हितंच का?’ त्यानं विचारलं.

मॅडम उठून उभ्या राहिल्या. एवढ्या दिवसांत त्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा तरतरी बघितली.

त्यानं सदऱ्याच्या आतून प्लॅस्टिकची पिशवी काढली, त्यातून फडकं काढलं आणि फडक्यातून कागद. ‘पोरास्नी भडंग घिऊन गेलतो,’ तो म्हणाला. ‘घरात आल्यावर ध्यानात आलं, बाई मागाय लागलत्या. मंडळींनी राखंनं कागदाचं त्याल टिपलं, गादीखाली ठेवून सरळ केलं. दोन-तीन दुकानं फिरलो, ती म्हणाली आमचं न्हवं.’

मॅडमनी कागद उघडला. मी शेजारीच होते आणि माझंच टायपिंग मला लांबूनही ओळखू येतं. ते एका गावच्या शाळेच्या पत्र्याच्या छपराचं टेंडर होतं.

मी मॅडमकडं बघितलं. त्या कागदाकडं बघत होत्या. मग त्यांनी तो दोन्ही हातांत धरला आणि म्हणाल्या, ‘हेच पान. लई उपकार झालं तुमचं.’

‘आता हुईल न्हवं काम?’

‘व्हय. आता हुईल.’

त्याला केवढा आनंद झाला. मी चहा मागवला, तो त्यानं उभ्या उभ्याच घेतला. घरच्यांना सांगतो म्हणाला आणि बरण्या वाजवत जिना उतरून गेला. मी उगीच प्रिंटरचा कागद सारखा करत बसले.

मॅडम खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या, खाली तो सायकल सोडवत होता तिकडं बघत. तो गेल्यावर परत स्टुलावर येऊन बसल्या. ‘घ्या ताई,’ म्हणाल्या आणि सांगायला लागल्या. टेंडरचा कागद त्यांनी समोर धरला होता, डोळे त्याच्यावर, जणू त्यातलंच वाचून दाखवताहेत. मधून मधून ओळ संपल्यासारख्या थांबायच्या. मी टाईप करत राहिले आणि प्रत्येक पूर्णविरामाला ती तीन बटणं दाबत राहिले. पान भरलं तेव्हा त्यांनी कागदाची घडी घातली.

गाईडनी ते उभ्यानंच वाचलं आणि सही केली. मागचं आणा म्हणाले नाहीत. मॅडमनी दुसऱ्या दिवशी येऊन सांगितलं.

पुढं प्रबंध बांधून झाल्यावर त्या एक प्रत दुकानासाठी घेऊन आल्या. चौथी प्रत दुकानाची, म्हणाल्या. आमची जुनी रीत मीच त्यांना कधीतरी बोलता बोलता सांगितली होती. सरांनी ती दोन्ही हातांनी घेतली, शेवटून उघडली आणि त्यांचा चेहरा पडला. शेवटच्या पानानंतर एक तेलकट पान बांधलेलं होतं, पत्र्याच्या छपराचं टेंडर. असला कसला बाइंडर म्हणून ते चप्पल घालून निघालेच होते. मी त्यांना खाली बसवलं आणि त्या दूधवाल्याचं सगळं सांगितलं.